ह्यो वाटा कुणाचा?

मधली वस्ती, बावडा
१० जुलै २०२५

बाई,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहायचं असतं ते मला ठावं हाय. दहावीला मराठीच्या पेपरात पत्र येतं आन् त्याचे पुरे मार्क मला पडले हुते. नापास झाले ती गणितात. तर नमस्कार मुद्दाम लिहिला न्हाय. चिडलेय मी.

फोन लावला की तुमी कट करताय. व्हॉट्सॅपवर एकच टिक येतीया, म्हंजे ब्लॉक. म्हणून कागद. सोमनाथदादाची दुधाची गाडी रोज बारामतीला जाती, त्याला म्हणलं बाईंच्या दाराच्या फटीतनं आत सरकव. कागद कुणाला ब्लॉक करता येत न्हाय.

आता इचारते. माफीनामा का लिहिला?

आप्पासाहेबांनी त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलाय. तुमचं ते सुंदर अक्षर. 'माझ्या अध्यापनामुळे ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या. पुन्हा असा प्रकार होणार नाही.' खाली सही, मेघना बनसोडे, उपशिक्षिका. मी धा येळा वाचलं. प्रकार? कसला प्रकार? भागाकार शिकवला त्यो प्रकार?

तुमी वर्गात काय केलं ते तुमालाच सांगते. कारण माफीनामा वाचून वाटलं की तुमाला त्ये ठावंच न्हाय.

आकाड लागला की आमच्या अंगणात वाटे पडत्यात, ह्ये तुमी बारामतीवाल्या, तुमाला मीच सांगितलं हुतं. चार घरं मिळून बोकड धरत्यात. गावचा मुलाणी म्हणून अब्बा कापत्यात आन् ताडपत्रीवर वाटे घालत्यात. जितकी घरं तितके वाटे, परत्येकात थोडं काळीज, थोडं हाड, थोडी चरबी. मंग एक पोरगं ताडपत्रीकडं पाठ करून उभं राहतं. अब्बा एका वाट्यावर बोट ठेवत्यात आन् इचारत्यात, 'ह्यो कुणाचा?' पोरगं न बघता एक नाव घेतं. ज्याचं नाव त्याचा वाटा. वाटे घालणाऱ्याला ठावं नसतं कुठला कुणाकडं जाणार, आन् नाव घेणाऱ्याला वाटा दिसत नसतो. म्हणून भांडण न्हाय. ल्हान हुते तवा मी पाठ करून उभी राहायची. आता माझा धाकटा भाऊ, आमचा मुजम्मिल, राहतो.

ह्ये ऐकून तुमचे डोळे असे झाले हुते, बाई, जणू मी तुमाला लपवलेला गूळ दाखवला. 'अंजुम, अगं हा तर माझा चौथीचा धडा आहे!' म्हणलात. आन् मला चिंचोके गोळा करायला लावलं. मी, जिनं तुमच्या पहिल्याच दिवशी वर्गात शेळी सोडली हुती, ती मी तुमच्यासाठी वस्तीभर चिंचोके मागत फिरले.

खिडकीत उभी हुते मी त्या दिवशी. आप्पासाहेबांचा नातू अविराज, त्यो सतरा भागिले पाच करायला बसला की उत्तर दोन, बाकी सात लिहायचा. आधीच्या सगळ्या गुरुजींनी त्याच्या वहीत लाल गोळे काढले, पण का चुकलं त्ये कुणी सांगितलं न्हाय. तुमी बी न्हाय सांगितलं. तुमी त्याच्या हातात सतरा चिंचोके दिले आन् समोर पाच पोरं बसवली. त्यानं दोन-दोन वाटले आन् सात मुठीत धरून बसला. आपला मुजम्मिल वराडला, 'आरं, मुठीत काय धरून बसलाय? माणसं पाच, तुझ्याकडं सात. अजून एकेक बसतोय की!' अविराजनं अजून एक हात फिरवला. मंग मूठ उघडून बघत बसला. 'बाई, आता बसत न्हाय.' तुमी म्हणलात, 'का बसत नाही?' त्यो म्हणला, 'दोनच ऱ्हायले. माणसं पाच हायत.' आन् असा हसला! बाकी भाजकापेक्षा मोठी का नसती, ह्ये मला त्या दिवशी कळलं, बाई. वीस वरसांची हाय मी.

मंग तुमी पाठीचा खेळ घेतलात. केंद्राच्या ग्रुपवर उपक्रम टाकायचा असतो म्हणून फोन टेबलावर उभा केलात. अविराज पाठ करून उभा. मुजम्मिलनं बोट ठेवलं, 'ह्यो कुणाचा?' 'गोजरआज्जीचा.' 'ह्यो?' 'सोपानतात्याचा.' 'ह्यो?'

'आमच्या आबांचा!'

असा छाती काढून म्हणला. त्याला वाटलं घरचं नाव घेतलं की शाबासकी.

आता त्याचे आबा म्हंजे आप्पासाहेब, शाळा समितीचे अध्यक्ष. गळ्यात माळ घातल्याला माणूस. माळ घातल्यापासनं मटणाला शिवत न्हायत, असं भाषणात सांगत्यात. आन् त्यांच्या शेतावरचा सोपान, एकटा जीव, त्यो दर आकाडात दोन पिशव्या घेऊन येतो. एक वाटा स्वतःचा आन् दुसरा बी स्वतःचा. गावाला सगळं ठावं हाय. गाव बोलत न्हाय. पोरगं बोललं, आन् तुमच्या व्हिडिओत बोललं, आन् त्यो व्हिडिओ तालुकाभर हसत हसत फिरला.

म्हणून तक्रार झाली, बाई. 'शाळेत खाटकाचा धंदा शिकवतात' म्हणून न्हाय. तुमाला ठावं हाय. मला ठावं हाय. मंग माफी तुमी का मागितली? आन् निरवांगीच्या बाजूच्या शाळेत कामगिरीवर पाठवलं तर गुपचूप पिशवी उचलून गेलात. पोरांना 'येते' बी म्हणला न्हाय.

लईच राग आलाय. शाळेच्या घंटेचा टोला, त्यो बडवायचा लोखंडी दांडा, मी लपवलाय, तेवढं बरं वाटलं. नवीन गुरुजी खिचडीचं ताट बडवून शाळा भरवत्यात.

अंजुम मकसूद मुलाणी


१४ जुलै

बाई,

तुमची चिठ्ठी सोमनाथदादानं दिली. एक ओळ. 'माझी काळजी करू नकोस, तुला गणिताचा पेपर द्यायचा आहे, अभ्यास कर.'

काळजी कुणी केली? मी तुमची काळजी केली न्हाय, तुमच्यावर चिडलेय. दोन येगळ्या गोष्टी हायत. आन् पेपर मी कुणाच्या जिवावर देऊ? रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मला बीजगणित सांगायच्या त्या बाई कुठं हायत आता? माफीनामा लिहायला गेल्या.

तुमच्या वर्गाचं सांगते, ऐका आन् बसा.

इंद्रजित गुरुजी आल्यात. तसे वाईट न्हाईत. बदलीवर बदली होऊन बिचाऱ्यांचं तोंड कडू झालंय. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, भाज्य, भाजक, भागाकार, बाकी. व्याख्या. धा येळा लिहून आणा. पोरं लिहितात. मुजम्मिलच्या वहीत बगितलं, 'भाज्याला भाजकाने भागले असता', असं झकास लिहिलंय. म्हणलं, 'भाज्य म्हंजे काय रं?' म्हणला, 'भजी असत्यात ना आपा, तसलं काय तरी.'

चिंचोक्यांचा डबा गुरुजींनी कपाटात घालून कुलूप लावलंय. मी इचारलं, 'गुरुजी, चिंचोक्यांनी काय पाप केलं?'

म्हणले, 'पोरी, मला नोकरी करायची आहे. अध्यक्ष रोज खिडकीतनं डोकावून जातात. चिंचोका दिसला तरी म्हणतील वाटे घालतोय.'

'मंग पोरांना भागाकार कसा कळायचा?'

'कळला न कळला, लिहिता आला पाहिजे.'

म्हणलं, 'मला बी लिहिता यायचा. म्हणूनच घरी बसलेय.'

पोरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात तुमचा अर्धा ऱ्हायलेला धडा मागितला. त्या दिवशी तास संपताना तुमी मुजम्मिलला म्हणला हुता ना, की उरलेल्या चिंचोक्याचं काय करायचं त्ये पुढच्या आठवड्यात, बाकीचे बी तुकडे करता येतात म्हणून? मुजम्मिलनं हात वर करून इचारलं, 'गुरुजी, बाकीचे तुकडे कवा करायचे?' गुरुजींनी खिडकीकडं बगितलं आन् म्हणले, 'तुकडे, कापाकापी असलं काय बोलू नका. अपूर्णांक धडा अजून लांब आहे.' म्हंजे आता तुकडा बी म्हणायची चोरी. उद्या वजाबाकी बंद करतील, त्यात बी कमी होतं कुणाचं तरी.

आन् अविराज. त्यो परत बाकी सात लिहायला लागलाय. तुमाला राग येऊ दे म्हणून सांगते. त्याला घरात कुणी मारलं न्हाय. त्याचे आबा त्याच्याशी बोलत न्हायत, बास. समोर ताटावर बसत्यात, पाणी मागायचं झालं तर सुनेला सांगत्यात, 'त्याला सांग, तांब्या सरकव.' पोरगं वर्गात शेवटच्या बाकावर बसतं. हात वर करत न्हाय. मुजम्मिल म्हणला, 'अव्याला काय इचारलं की आधी दाराकडं बघतो.'

त्याला वाटतंय त्यानं लई मोठी चूक केली. आन् त्याच्या बाईंनीच लिहून दिलं की व्हय, चूक झाली. तुमच्या सहीनं, बाई. त्यानं बी वाचला की त्यो फोटो.

काल दुकानात आप्पासाहेब आले हुते. दारातच उभे, माळवाला माणूस आत कसा येणार? अब्बांना म्हणले, 'मकसूद, यंदा वाटे कवा?'

अब्बा म्हणले, 'रविवारी, आप्पासाहेब.'

'सोपानला सांगतो मग. त्याला लई आवड.'

मी आतनं म्हणलं, 'सोपानतात्याला पिशवी एक का दोन, तेवढं सांगा. वाटे घालायला बरं पडतं.'

अब्बांनी माझ्याकडं असं बगितलं की मी गप पडदा वढला. पण आप्पासाहेबांचं तोंड बगायला तुमी पायजे हुता. हसायला तुमी पायजे हुता. दर येळी मी वाह्यातपणा करते आन् हसणारं माणूस निरवांगीला हाय, ह्याचा बी राग येतो.

अंजुम


१७ जुलै

बाई,

ह्ये थोडक्यात. रविवारी काय तरी होणार हाय. काय त्ये सांगत न्हाय, कारण तुमी सोमनाथदादाच्या हातनं परत एक ओळ पाठवाल, 'असं करू नकोस.' तुमची चौथी सगळी माझ्या बाजूनं हाय, फक्त अविराजला सांगितलं न्हाय. त्याला अजून तरास नको.

काल पोरांची तालीम घेतली, आमच्या गोठ्यात. तुमच्या माफीनाम्याची शेवटची ओळ सगळ्यांकडनं पाठ करून घेतली. तुमी पाढे पाठ करू देत न्हवता, समजून म्हणा म्हणायच्या. पण ह्ये समजण्यासारखं न्हायच, म्हणून पाठच करवलं.

त्या तक्रारीची सुनावणी अठ्ठावीसला हाय, इंदापूरला, असं गुरुजींच्या तोंडातनं निसटलं. तितं माफी कायम केली की फाइल बंद आन् तुमी कायमच्या तिकडं. माफी मागं घेतली तर चौकशी. व्हय ना? मंग मागं घ्या. सोपं हाय. ज्या हातानं लिहिली त्याच हातानं.

अंजुम


२१ जुलै

बाई,

झालं. पण मी ठरवल्यालं तसं झालं न्हाय. बसून लिहिते, कारण उभं राहून लिहिलं तर कागद फाटंल इतका राग हाय, आन् आता त्यो नक्की कुणाचा त्ये बी कळंना झालंय.

रविवारी सकाळी नऊ घरांची माणसं अंगणात. अब्बांनी वाटे घातले, धा. नऊ घरं आन् धा वाटे, कारण सोपानचे दोन. सोपान कडंला दोन पिशव्या काखेत धरून उभा. गोजरआज्जी पुढं, पदर खोचून, तिच्या वाट्याला कोण कमी घालतंय बघायला. ज्ञानूआण्णा तंबाखू मळत. आन् बांधावर तुमची चौथी वळीनं बसल्याली, चिमण्यांसारखी.

मुजम्मिल पाठ करून उभा राहिला. अब्बांनी बोट ठेवलं.

'ह्यो कुणाचा?'

गप.

'आरं, ह्यो कुणाचा?'

'सांगायला बंदी हाय,' मुजम्मिल म्हणला.

'कुणाची बंदी?'

'शाळेची. ह्यो खाटकाचा धंदा हाय. पुन्हा असा प्रकार होणार नाही.'

ज्ञानूआण्णा आधी हसला. मंग त्याच्या ध्यानात आलं की पोरगं हलत न्हाय. म्हणला, 'दुसरं पोरगं घ्या रं. ए बारक्या, ये हिकडं.' बारका बांधावरनं म्हणला, 'पुन्हा असा प्रकार होणार नाही.' त्याच्या शेजारचीला बोलावलं. तिनं बी त्येच. सगळी वळ एका सुरात, बाई, प्रार्थना म्हणत्यात तशी.

ज्ञानूआण्णा म्हणला, 'मंग मी राहतो पाठ करून.'

गोजरआज्जी म्हणली, 'तू? मागल्या साली पोरगं आजारी तवा स्टीलचं ताट छातीशी धरून उभा हुतास, त्यात सगळं मागचं बघत. काळीज बरूबर तुझ्याच पिशवीत गेलं.'

'आगं म्हातारे, त्ये ताट न्यायला आणलं हुतं!'

'मंग उलटं धरायचंस.'

कोण म्हणलं काटा आणा, वजन करून घ्या. आज्जी म्हणली, 'काट्याला काळीज कळतं व्हय? काट्याला हाड बी तेवढंच आन् काळीज बी तेवढंच.' कोण म्हणलं मोठ्यानं घ्यायचं नाव, काय हुतंय. मंग कुठल्या मोठ्यानं, ह्यावर जुंपली. एकाला दुसऱ्याचा भाऊ चालंना, दुसऱ्याला तिसऱ्याचा मेव्हणा. ऊन वर आलं. माश्या आल्या. इतक्या वरसांत पहिल्यांदा आमच्या अंगणात वाट्यावरनं भांडण झालं, आन् मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणलं, घ्या. शाळेत नको म्हणला ना? हितं बी घ्या मंग न्हाय.

अब्बांनी सुरी खाली ठेवली. हात पुसले. माझ्याकडं आले.

'अंजुम. ह्ये तुझं हाय.'

'व्हय.'

मला हाताला धरून आत नेलं. वाटलं मारत्यात. मारलं न्हाय. खालच्या आवाजात म्हणले, 'बाईंनी माफी कुणासाठी लिहिली ठावं हाय का तुला?'

'त्यांच्या नोकरीसाठी.'

'आपल्यासाठी.'

आन् सगळं सांगितलं. तक्रारीत पहिल्यांदा तुमचं नाव नुसतं कडंला हुतं. मेन नाव अब्बांचं हुतं. मकसूद मुलाणी आपल्या पोराला शाळेत पाठवून गावच्या पोरांना कापाकापी शिकवतो, ह्याच्या दुकानाचा ग्रामपंचायतीचा दाखला रद्द करा. आप्पासाहेब दाखल्याचं बोलून बी गेले हुते. मंग तुमी संध्याकाळी दुकानावर आलात. आप्पासाहेबांकडं गेलात. मकसूदभाईंचं नाव काढा, मी लिहून देते, म्हणलात. आन् लिहून दिलं.

मी म्हणलं, 'आन् तुमाला ह्ये ठावं हुतं? तुमी गप बसलात?'

अब्बा म्हणले, 'दुकान हाय, पोरी. तुमी दोघं हाय.' आन् मंग माझ्याकडं न बघता, 'बाई म्हणल्या अंजुमला सांगू नका. ती काय तरी करंल.'

व्हय, केलंच की मी!

बाहेर आवाज अचानक थांबला म्हणून आमी दारात आलो. अविराज आला हुता. कुणी बोलावलं न्हवतं. गर्दीतनं वाट काढत ताडपत्रीजवळ गेला आन् पाठ करून उभा राहिला. मुजम्मिल त्याला म्हणला, 'अव्या, बंदी हाय.'

अविराज म्हणला, 'माफी बाईंनी मागितलीय. मी न्हाय मागितली.'

बाई, ह्यापुढं मी काय लिहू? तुमचा शेवटच्या बाकावरचा पोरगा.

अब्बा पुढं गेले. बोट ठेवलं. 'ह्यो कुणाचा?' 'गोजरआज्जीचा.' 'ह्यो?' 'ज्ञानूआण्णांचा.' एकेक करत सगळी नावं झाली. सोपानतात्याचं बी झालं. शेवटचा वाटा ऱ्हायला. अब्बांचं बोट त्याच्यावर हुतं पण इचारायला तोंड उघडंना. पोराचे कान लाल झाल्याले मागनं दिसत हुते.

'इचारा की,' अविराजच म्हणला.

'ह्यो कुणाचा, बाळा?'

'पाठ केल्यावर खोटं नाव घ्यायचं न्हाय, बाई म्हणल्यात,' असं आधी म्हणला, कुणाला म्हणला कुणास ठाऊक. आन् मंग व्हिडिओत म्हणला हुता तसंच, पण छाती न काढता. 'आमच्या आबांचा.'

सगळ्यांनी सोपानकडं बगितलं. सोपाननं एक पिशवी घडी घालून खिशात कोंबली. 'मी माझा नेतो,' म्हणला. 'दुसरा ज्याचा त्यानं न्यावा. दोन वरसं झाली, गाव मला खादाड म्हणतंय. परवा भाचा बी म्हणला, मामा, एकट्याला एवढं पचतं कसं?' आन् गेला. एवढं बोलल्यालं मी त्याला कधी ऐकलं न्हवतं.

लोकांनी आपापले वाटे उचलले. धावा वाटा तितंच. अब्बांनी त्याच्यावर टोपली पालथी घातली. गोजरआज्जी म्हणली कुत्र्याला घाला. अविराज म्हणला, 'न्हाय. आबांचा हाय.' आन् टोपलीपाशी मांडी घालून बसला. मुजम्मिल त्याच्या शेजारी जाऊन बसला.

आप्पासाहेब आले, दुपार टळल्यावर. कुणी तरी सांगितलं असणार. फाटकात उभे राहिले. 'अविराज, घरी चल.' किती दिवसांनी त्याच्याशी बोलले, ह्ये बोलल्यावर त्यांच्या बी ध्यानात आलं असावं, कारण लगीच फाटकाची कडी चाचपायला लागले.

पोरगं उठलं. अब्बांनी पुडकं बांधून दिलं त्ये टोपलीत ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आन् चालायला लागला. आबांच्या शेजारनं फाटकातनं भाईर, रस्त्यावर, देवळासमोरनं, पार वाड्याच्या कोपऱ्यापर्यंत. आप्पासाहेब धा पावलं मागं. ना पुढं जाता येतंय, ना टोपली काढून घेता येतीया, ना परत फिरता येतंय. गोजरआज्जी वट्यावर बसली हुती. म्हणली, 'आप्पासाहेब, मसाला हाय का घरात, का देऊ?'

हसले मी. लई हसले. मंग घरात जाऊन रडले, त्ये तुमच्यामुळं.

अंजुम


२५ जुलै

बाई,

चार दिवस लिहिलं न्हाय. कागद घेतला की पहिली ओळ 'तुमी आमच्यासाठी एवढं केलं' अशी येत हुती, आन् ती फाडत हुते. कारण मला तसं वाटतच न्हाय.

तुमी आमाला इचारलं का?

वाट्याचा नेम मी तुमाला सांगितला हुता. वाटा घालणारानं नाव घ्यायचं न्हाय. तुमी तर वाटे बी घातले आन् नावं बी तुमीच घेतली. ह्यो मकसूदभाईंचा, दुकान. ह्यो अंजुमचा, काय कळू द्यायचं न्हाय. ह्यो अविराजचा, गप बसणं. आन् सगळं मटण सोडून सगळी हाडं आपल्या पदरात. कुणी सांगितलं? आमी काय पाठ करून उभं राहिलो हुतो व्हय? तुमच्यावर रागावून मी दोन आठवडे काढले आन् त्यो राग बी तुमीच माझ्या वाट्याला परस्पर घातला हुता. लपवून.

तुमी चांगल्या हाय, म्हणून राग कमी हुत न्हाय. जास्ती हुतोय.

अब्बांना सगळं म्हणून दाखवलं, म्हणजे जवळजवळ वराडलेच. त्ये लई येळ सुरीला धार लावत बसले. मंग म्हणले, 'अठ्ठावीसला दुकान बंद ठेवू. तक्रारीत माझं नाव घालायचं असंल तर घालू दे. पहिल्यापासनं माझंच हुतं.' अम्मी भ्याली हाय. मी बी भ्यालेय, पण मी त्ये दाखवत न्हाय, तुमी बी कुणाला सांगू नका.

आप्पासाहेब तक्रार मागं घेत न्हायत. त्ये इंदापूरला येणार हायत. पण अविराजशी बोलायला लागल्यात. काय म्हणत्यात इचारलं तर पोरगं म्हणलं, 'आबा म्हणले, रस्सा तिखट झाला हुता.'

गोजरआज्जी यायचं म्हणतीया. सोपान येतो म्हणला, पण त्याचं काय खरं न्हाय, शेतावरनं निघाला तर. इंद्रजित गुरुजींनी रजा टाकलीय आन् कुठं जाणार त्ये सांगत न्हायत. पण काल चिंचोक्यांच्या कपाटाची किल्ली मुजम्मिलच्या हातात देऊन 'धूळ झटक जरा' म्हणले. पोरांनी धूळ झटकायला अख्खा तास घेतला.

त्या तासात काय झालं त्ये ऐका. अविराजनं एकच चिंचोका काढला आन् चौघांना समोर बसवलं. म्हणला, 'एक चूक झाली. बाईंची, मुजम्मिलची, अंजुमआपाची आन् माझी. एकाची न्हाय, चौघांची. चौघांत वाटायची.' मुजम्मिल म्हणला, 'एक चारात बसत न्हाय. भागाकार शून्य, बाकी एक.' बरूबर हाय. तुमीच शिकवलंय. अविराज म्हणला, 'पण बाई म्हणल्या हुत्या, बाकीचे बी तुकडे करता येत्यात.' 'कसे?' मुजम्मिल म्हणला. अविराजनं चिंचोका दातानं फोडायला बगितला. फुटला न्हाय. मंग खिशात ठेवला. त्यो चिंचोका घेऊन त्यो इंदापूरला येणार हाय. तुमच्या हातात द्यायचा म्हणतोय.

तर तुमी एकट्यानं त्यो गिळून टाकायचा न्हाय, एवढंच सांगायचं हुतं. त्ये पोरगं फोडायला घेऊन येतंय.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आमी निघतोय. तुमी माफी कायम करायला म्हणून आत गेलात तरी दारात आमी असणार.

टोला माझ्या पिशवीत हाय. तुमाला द्यायचा का नीरा नदीत टाकायचा, त्ये सोमवारी तुमी आत काय लिहून देताय त्ये बघून ठरवते. नीरेत टाकला तर जलमभर ताटच बडवा सगळी.

अजून चिडल्याली,
अंजुम